अनसूयेचे जात्यावरचे इंग्रजी

अनसूया हिची व माझी खरी ओळख जात्यावर झाली. आमची घरे शेजारी होती, मध्ये एकच भिंत होती; परंतु ती लग्न होऊन आल्यानंतर कित्येक वर्षे आमचे बोलणे "झाला का सैपाक" आणि "आडाला पाणी हाय का" एवढ्यापुरतेच होते. एका वर्षी आमच्या जात्याचा वरचा दगड तडकला. नवे जाते मिळायचे ते पौषात, नळदुर्गला खंडोबाच्या यात्रेत. तोवर काय करावे या विवंचनेत मी होते. तेव्हा अनसूयेच्या सासूबाई लक्ष्मीबाई भिंतीवरून म्हणाल्या, "नागूबाई, तुजी जवारी हिकडंच आण. माजी कंबर धरलीय, सून एकटीच वडतीय. तुजंबी दळण व्हईल, तिलाबी जोड मिळंल."

त्यांचे जाते मोठे होते. दोन बायकांनी समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात घातला म्हणजे ते नीट फिरे. अशा दळणात दोघींच्या हातांची गती एक व्हावी लागते. समोरचीच्या मनात काही खटकले, तर ते तिच्या तोंडावर दिसण्याच्या आधी खुंट्यावर कळते. मला अनसूया तशी कळली.

आमचा जिल्हा हैदराबादकडून निघून मुंबई राज्यात नुकताच गेला होता, त्या काळातील ही हकीकत आहे. मी त्या वेळी निरक्षर होते. पुढे प्रौढांच्या वर्गात अक्षरे शिकले आणि आज हे माझ्या हाताने लिहीत आहे. जे पाहिले व ऐकले तेवढेच लिहीन.

अनसूया मूळची तुळजापूरची, पुजाऱ्याच्या घरची मुलगी. मराठी चौथी पास झालेली. आमच्या गावात एवढे शिकलेली दुसरी बाई नव्हती. तिचा नवरा उत्तरेश्वर आदल्या हिवाळ्यात विषमज्वराने वारला. नळदुर्गच्या दवाखान्यात तो बरेच दिवस पडून होता आणि ती त्याच्या खाटेशी बसून होती. तेथे शामलाबाई नावाच्या सिस्टर होत्या. अनसूया न सांगता पाणी उकळून आणते, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यालाही कुशीवर वळवते, हे त्यांनी पाहिले होते. उत्तरेश्वराचे दिवस झाल्यानंतर त्यांनी निरोप पाठवून तिला बोलावले आणि सांगितले, "धाराशिवच्या मोठ्या दवाखान्यात नर्सच्या शिक्षणाला बायका घेणार आहेत. राहणं-खाणं तिथंच. चौथी पास चालते. पण निवड करणारी डॉक्टरीण मद्रासकडची आहे, तिला मराठी येत नाही. ती दवाखान्यातला इंग्रजी शब्द विचारते आणि त्याचा अर्थ इंग्रजीतच सांगावा लागतो. चाळीसेक शब्द आहेत. गौरी-गणपती झाल्यावर मुलाखत. करशील?"

अनसूया "करीन" म्हणाली. तिला दुसरी वाट नव्हती. तिला मूलबाळ नव्हते. दीर बिभीषण आणि जाऊ यांचा संसार वाढत होता. तिचा थोरला भाऊ मार्तंड तुळजापुरात यात्रेकरूंना उतरायला जागा आणि जेवण देत असे. त्याने लक्ष्मीबाईंना कळवले होते की, घटस्थापनेच्या आत बहिणीला कायमची घेऊन जातो. नवरात्रात त्याच्याकडे पंगतींवर पंगती उठत आणि चुलीपुढे घरचे माणूस हवे होते. भावाच्या चुलीपुढे एकदा बसलेली विधवा बहीण पुन्हा उठत नाही, हे तिला आणि मला दोघींनाही माहीत होते. त्यामुळे निवड झाली तर धाराशिव आणि न झाली तर मार्तंडाची चूल, असा तो सरळ हिशेब होता. लक्ष्मीबाईंनी तिला एवढीच सवलत दिली, "एक डाव इम्तेहान दे. न्हाय जमला तर भावाला न्हाय म्हनायचं न्हाय."

शामलाबाईंनी शब्द आणि त्यांचे अर्थ उच्चारून सांगितले, अनसूयेने ते बाळबोध अक्षरांत उतरवून घेतले. प्रत्येकाचा मराठीत अर्थही समजून घेतला. परंतु घरी पुस्तक धरून बसायला तिला वेळ कोठून मिळणार? झाडलोट, शेण, धुणे, रानात भाकरी पोचवणे यांत दिवस जाई. रिकामे असे तिच्याजवळ फक्त तोंड होते, आणि तेही दळताना. म्हणून तिने ते अर्थ ओवीत बसवले.

पहिल्या दिवशी तिने ओवी धरली तेव्हा माझा हात खुंट्यावर थबकला.

"दुसरी माझी ओवी, पल्स इज द बीट गं,
बीट ऑफ द हार्ट बाई, फेल्ट ॲट द रिस्ट गं."

"हे काय गं?" मी म्हणाले.

"नाडी, आक्का. काळजाचा ठोका मनगटाला लागतो, ती नाडी. वडा की, थांबू नका."

ओसरीवरून लक्ष्मीबाई ओरडल्या, "अगं, ही कुठल्या देवाची ओवी म्हनायची? बंधवाचं नाव घे, लेकराचं घे. ह्या बीटाला काय पाय हायत का डोकं?"

"बीट न्हाय आत्याबाई, ठोका."

"ठोका असू न्हायतर ठोकळा. भवानीच्या आधी त्येचं नाव नको म्हंजे झालं."

आमच्याकडे पहिली ओवी देवीची असते. तिच्याशिवाय जात्यात मूठ टाकत नाहीत. तेव्हा पहिली ओवी तुळजापूरच्या पायऱ्यांची, दुसरी नाडीची, तिसरी जखमेची, चौथी पट्टीची, अशी ती साखळी तयार झाली. जखम म्हणजे कातडीला पडलेली चीर, "अ ब्रेक इन द स्किन". मूर्च्छा म्हणजे थोड्या वेळापुरते भान जाणे. मला अक्षर येत नव्हते, तरी महिनाभरात माझ्याही तोंडी सगळे बसले. ज्वारीबरोबर आम्ही इंग्रजी दळत होतो. तापाची ओवी मात्र तिने अगदी शेवटी ठेवली होती, पीठ भरून घ्यायच्या वेळेस. का, ते मी विचारले नाही.

श्रावण संपता संपता बिराप्पाने गावात इंजिनाची गिरणी बसवली. त्या इंजिनाचा पुक-पुक आवाज आणि पत्र्याच्या नळीतून निघणारा धूर पाहायला सगळे गाव लोटले. बायकांना तर देव भेटल्यासारखे झाले. बिभीषणाने पहिल्याच आठवड्यात पोते गिरणीवर नेऊन टाकले आणि आईला म्हणाला, "आता पहाटं घरघर नको. लेकरं उठत्यात." लक्ष्मीबाईंनी जात्याचा खुंटा काढून कोनाड्यात ठेवला. डाळ भरडायची असेल तेव्हाच तो घालायचा, असे ठरले.

आम्हां दोघींनाही बरेच वाटले. हाताचे घट्टे जातील, असे मी म्हणाले. त्यातून पुढे काय होणार आहे याची कोणालाच कल्पना नव्हती.

पुढच्या बाजारच्या दिवशी आम्ही दोघी गिरणीपुढे डबे घेऊन रांगेत होतो. मी सहज, गंमत म्हणून विचारले, "काय गं, जखम म्हंजे काय?"

अनसूयेने तोंड उघडले आणि ते तसेच उघडे राहिले. मला वाटले, इंजिनाच्या आवाजात तिला ऐकू आले नाही. मी पुन्हा मोठ्याने विचारले. तिचे ओठ हलू लागले, उजवा हात डब्यावरून उचलला गेला आणि हवेत गोल फिरू लागला. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "अ ब्रेक इन द स्किन." तिच्या कपाळावर घाम होता.

"एवढा येळ?"

"भवानीपासून यावं लागलं, आक्का."

"मग मूर्च्छा सांग."

ती पुन्हा पहिल्यापासून निघाली. हात गोल फिरत होता. मध्येच इंजिनाने फट् केले आणि तिची साखळी तुटली. ती घाबरून माझ्याकडे पाहू लागली. "आक्का, गेलं. सगळं गेलं. जातं न्हाय तर काहीच न्हाय."

मागे सारजाबाई उभी होती. ती जिभेला हाड नसलेली बाई. म्हणाली, "काय गं नागूबाई, लक्ष्मीबाईच्या सुनंला काय झालंय? हात काय फिरवायलीय, तोंडातल्या तोंडात काय बडबडायलीय?"

"इंग्रजी म्हनतीय," मी म्हणाले.

"इंग्रजी? मला तर वारं वाटायलंय."

त्या दिवशी घरी येताच अनसूयेने कोनाड्यातून खुंटा काढला, रिकाम्या जात्यात घातला आणि ते ओढू लागली. सगळे शब्द एकामागून एक आले, एकही अडला नाही. खुंटा सोडला की जीभ बंद. तिने खुंटा माझ्यापुढे धरला आणि हसण्याचा प्रयत्न केला. "धाराशिवला मोटारीत जातं चढवू देतेत का, इचारा कंडक्टरला." हसता हसता तिचा आवाज फाटला.

मी म्हणाले, "रडू नकोस. मी तुला मधूनच इचारत जाते." परंतु तेथे दुसरीच अडचण उभी राहिली. मलाही ते शब्द ओवीतूनच माहीत होते. मधला एखादा विचारायचा तर मलाही मनातल्या मनात देवीच्या पायरीपासून चालत यावे लागे. आडावर मी ओठ हलवत उभी आणि ती माझ्या तोंडाकडे पाहत उभी, असे चाले. मी एखादा शब्द धरून वर आणीपर्यंत तिची घागर भरून वाहू लागे. मग मी युक्ती बदलली. बैलाच्या खांद्यावर जखम दिसली की विचारायचे, शेजारच्या पोराच्या बोटाला चिंधी दिसली की विचारायचे. पाचांतले दोन शब्द येऊ लागले. तीन येत नव्हते. आणि दिवस तर भराभर जात होते.

इकडे सारजाबाईने आपले काम केले. आडावर, मारुतीच्या पारावर, गिरणीवर एकच बोलणे, की उत्तरेश्वराच्या बायकोला बाहेरचे झाले आहे, येरमाळ्याला येडाई देवीकडे न्यावी, म्हणजे वारे उतरेल. लक्ष्मीबाई मनाने वाईट नव्हत्या, परंतु मुलगा गेल्यापासून भित्र्या झाल्या होत्या. एका दुपारी त्यांनी अनसूयेला चुलीपुढे पाहिले. भाकरी तव्यावर करपत होती आणि सुनेचा हात परातीवर रिकामाच गोल फिरत होता.

"अनसूये!"

"हो आत्याबाई, आले. डोस म्हंजे..."

"खड्ड्यात गेला तुजा डोस! म्या काय बघायले हे? एक मानूस घालवून बसले, आता तुज्या डोस्क्याचं झालं तर लोक काय म्हनतील मला?" आणि त्यांनी त्याच दिवशी तुळजापूरला निरोप पाठवला, की मार्तंडरावांनी लवकर यावे.

तो मुलाखतीच्या आदल्या दिवशी आला. अंगाने भरलेला, बोलायला गोड, कपाळावर मळवट. ओसरीवर पाणी पिऊन म्हणाला, "मावशी, तुम्ही काळजी सोडा. हवापालट झाला की बरी होईल. आमच्याकडं माणसांचा राबता, तिचं मन रमंल."

अनसूया दारात उभी होती. "दादा, उद्या माझी मुलाखत आहे."

"जा की! मी कुठं अडवतोय?" तो हसला. "मोटार तुळजापूरवरूनच जाते. मीपण येतो बरोबर."

मला त्या हसण्याची भीती वाटली. लक्ष्मीबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "नागूबाई, तू जा तिच्यासंगं. मला मोटार मानवत न्हाय. तिला म्या शब्द दिलाय, येक डाव जाऊ दे. फुडं भवानीच्या मनात असंल तसं." निरोप पाठवल्याचा त्यांना पश्चात्ताप झाला होता की काय, ते मी सांगू शकत नाही. परंतु सकाळी त्यांनी स्वतः उठून सुनेची भाकरी बांधली.

नळदुर्गहून मोटार निघाली. अनसूया खिडकीशी बसली, मी तिच्या शेजारी, मार्तंड पुढच्या बाकावर. तिच्या गाठोड्यात एक धड लुगडे, भाकरी आणि शब्दांची वही होती. वाटेत मी विचारीत होते, ती अडखळत होती. तुळजापूर आले. मोटार स्टँडवर थांबली. मार्तंड उठला, त्याने वरच्या फळीवरून तिचे गाठोडे सहज उचलले आणि खाली उतरून खिडकीपाशी येऊन उभा राहिला.

"उतर, अनू."

ती बसून राहिली.

"उतर म्हणतोय ना. घट तोंडावर आलेत. सोलापूरच्या गाड्या सुरू झाल्या की मला श्वास घ्यायला फुरसत नाही. त्या डॉक्टरणीपुढं उभी राहून काय करणार? येतंय का तुला एक तरी? सांग, आत्ता सांग."

सगळी मोटार पाहू लागली. अनसूयेचा हात मांडीवर गोल फिरू लागला. मला वाटले, संपले. ही आता उतरणार. उतारू चढत होते, नारळवाला खिडकीतून नारळ दाखवत होता, कंडक्टर दारात उभा राहून म्हणाला, "बाई, उतरायचं असंल तर उतरा, न्हायतर मी दार लावतो. देवीच्या दारात भांडनं नकोत."

अनसूयेने फिरणारा हात दुसऱ्या हाताने धरला. खिडकीबाहेर तोंड काढून ती शांतपणे म्हणाली, "दादा, गाठोडं तुमच्याजवळ राहू द्या. परत जाताना घेते."

कंडक्टरने दार लावले. मोटार हलली. आमची भाकरी गेली, वही गेली. आता जे काही होते ते तिच्या डोक्यात होते, आणि तेही ओळीने.

दवाखान्याच्या व्हरांड्यात आणखी काही मुली उभ्या होत्या. काही शहरातल्या होत्या, पायांत चपला होत्या. खोलीचे दार उघडेच होते, म्हणून मला आतले दिसत होते. डॉक्टरीणबाई काळ्यासावळ्या, वयस्क, चष्मा लावलेल्या. शेजारी मराठी बोलणाऱ्या सिस्टर. अनसूयेला बोलावले गेले. डॉक्टरीणबाईंनी वर न पाहताच विचारले, "फीवर."

ताप. शेवटची ओवी.

अनसूया टेबलापुढे उभी होती. तिचे ओठ हलू लागले. टेबलाच्या कडेवर तिचा हात गोल फिरू लागला. मी दाराशी उभी राहून तिच्याबरोबर मनात चालत होते. पायऱ्या झाल्या, नाडी झाली, जखम झाली. डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. त्यांनी घड्याळ पाहिले. पट्टी झाली, मूर्च्छा झाली. त्या सिस्टरना काही म्हणाल्या.

"बाई विचारतात, हाताला काय होतंय?" सिस्टर म्हणाल्या.

"काही नाही. येतेय," अनसूया म्हणाली. "भवानीपासून निघालेय."

व्हरांड्यातल्या मुली हसल्या. सिस्टरना हे इंग्रजीत कसे सांगावे ते कळेना. त्यांनी अनसूयेला दोन-तीन प्रश्न विचारले, मग बराच वेळ डॉक्टरीणबाईंना समजावून सांगितले. हाताने जाते फिरवूनही दाखवले. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि काही बोलल्या. सिस्टर म्हणाल्या, "बाई म्हणतात, इथं माणसं ओळीनं आजारी पडत नाहीत. बाहेर बस. बाकीच्यांचं झालं की शेवटी एकदा बोलावतील. तेव्हाही असंच झालं तर घरी जायचं."

ती बाहेर येऊन माझ्याजवळ भुईवर बसली. "आक्का, दादाला खरंच वाटलं असंल. खरंच येत न्हाय मला."

"येतंय. फकस्त जागंवरनं हलत न्हाय." मी तिचा उजवा हात माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरला, तो फिरू नये म्हणून. "सांग, फीवर."

"पहिली माझी..."

"भवानी नको. तिला बसू दे तुळजापुरात. फीवर."

"मग निघू कुठनं?"

आत मुलींची नावे पुकारली जात होती आणि रांग लहान होत चालली होती. आमच्या पलीकडे एक बाई लेकरू मांडीवर घेऊन बसली होती. लेकराचे तोंड लाल झाले होते, ओठ सुकले होते. मला एकदम काय वाटले कोण जाणे, मी अनसूयेचा धरलेला हात तसाच ओढला आणि त्या लेकराच्या कपाळावर ठेवला.

"हितनं निघ. हे काय हाय?"

तिने हात मागे ओढून घ्यायला पाहिले. मी सोडला नाही. मग तिने ओढणे सोडले. ती त्या लेकराकडे पाहत राहिली. हिवाळ्यातली नळदुर्गची खाट तिला दिसत असावी, कारण तिचे डोळे भरले. आणि ओवीचा चढउतार न करता, अगदी साध्या आवाजात, ती म्हणाली, "द हीट ऑफ द बॉडी, मोअर दॅन इट शुड बी." मग म्हणाली, "ह्यांना असंच असायचं, आक्का. हात ठेववत नव्हता."

"काय म्हनती ही बाई?" लेकराच्या आईने घाबरून विचारले.

"लेकराला ताप हाय म्हनती."

"ते मलाबी ठावं हाय की! त्यालाच तर आनलंय!"

अनसूया रडता रडता हसली. मग ती उठली. तिने लेकराच्या आईला पदर ओला करून कपाळावर ठेवायला सांगितले आणि व्हरांड्यातून पुढे चालू लागली. एक म्हातारा पायाला फडके बांधून बसला होता, त्याच्यापुढे ती थांबली. एका गरोदर बाईला घेरी येत होती, तिला भिंतीशी टेकवून बसवले. प्रत्येकापाशी तिचे ओठ एकदाच हलत. हात पदरात गुंडाळलेले होते. मी मागून जात होते. काही ठिकाणी ती अडली, मान हलवून पुढे गेली. आम्ही पुन्हा दाराशी आलो तेव्हा रांगेत कोणीही उरले नव्हते.

दुसऱ्यांदा ती आत गेली तेव्हा हात पदरातच होते. डॉक्टरीणबाईंनी मधलेच शब्द विचारले, कधी पुढचा, कधी मागचा. तिने पुष्कळ सांगितले. दोन तिला आले नाहीत. एकाचा अर्थ तिने मराठीत सांगितला आणि सिस्टरनी तो इंग्रजीत केला, त्यावर डॉक्टरीणबाईंनी, हे चालणार नाही, असे बोट हलवले. शेवटी त्यांनी पुन्हा "फीवर" म्हटले. ते उत्तर मला बाहेर स्पष्ट ऐकू आले.

दिवस कलल्यावर सिस्टरनी नावे वाचली. अनसूयेचे नाव आले नाही. मुली एकमेकींना मिठ्या मारू लागल्या. अनसूया भिंतीला टेकून उभी होती आणि मी तिच्याकडे पाहण्याचे टाळत होते. मग सिस्टर परत आल्या. "उत्तरेश्वरची बायको कोण? तुला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलंय. दिवाळीनंतर बाई पुन्हा सगळे शब्द विचारणार. तेव्हा अडलीस तर परत जायचं. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली.

परतीच्या मोटारीत तिने मला तुळजापूरला खिडकीशी बसवले आणि स्वतः दारापर्यंत गेली. मार्तंड स्टँडवर यात्रेकरू गाठायला उभा होता. त्याने तिला पाहिले, काही न विचारता माणूस पाठवून गाठोडे आणवले आणि तिच्या हातात दिले. मग म्हणाला, "नवरात्रात सैपाकाला कोण मग?"

"तुम्ही शिका, दादा. भाकरी ओवीवर चांगली थापता येते."

तो हसला नाही, परंतु मोटार निघेपर्यंत तेथेच उभा राहिला.

अनसूया पुढे नर्स झाली. ती सध्या येरमाळ्याच्या दवाखान्यात आहे, आणि ज्या सारजाबाईने तिला येरमाळ्याला न्यायला सांगितले होते, तिच्या नातीचे बाळंतपण तिथेच तिच्या हातून झाले. आमच्या प्रौढ वर्गात गुरुजी पाटीवरची अक्षरे क्रमाने म्हणवून घेत, तेव्हा आम्ही सगळ्या बायका न अडखळता म्हणत असू. मी उभी राहून गुरुजींना सांगितले की, क्रम मोडून विचारा. बायका माझ्यावर चिडल्या. त्या दिवशी मला फक्त "म" आणि "न" आले.

परंतु मला लिहायचे आहे ते ती धाराशिवला राहायला निघाली त्या सकाळविषयी. तीन महिन्यांची बोली डोक्यावर होती. लक्ष्मीबाईंनी तिच्या हातावर साखर ठेवली. बिभीषणाने ट्रंक नळदुर्गला न्यायला बैलगाडीत चढवली. मी भिंतीशी उभी होते. ती परत फिरून माझ्यापाशी आली, वाकून पाया पडली आणि म्हणाली,

"आक्का, दिवाळीला मी घरी येईन. तेव्हा खुशाली आधी विचारू नका. उंबऱ्यातच उभी करा आणि मधलाच एखादा शब्द विचारा."